रोगाची वार्ता चुलीपाशीच का अडते?

शाळेत गोवराची किंवा कांजिण्यांची साथ शिरली की एक ठरलेली यंत्रणा हलू लागते. वर्गशिक्षक मुख्याध्यापकांना सांगतात, मुख्याध्यापक वरिष्ठांना आणि आरोग्य केंद्राला कळवतात, पालकांना निरोप जातो, आजारी मुलाला घरीच ठेवावे अशी सूचना फळ्यावर लागते. या साखळीत एक कडी मात्र नसते. ज्या बाईने त्या मुलाचे उष्टे ताट घासले, ज्या शिपायाने त्याची ओकारी पुसली, ज्या आयाबाईने त्याला शाळेच्या गाडीतून हात धरून उतरवले, त्यांना कोणी काही सांगत नाही. सांगायला हवे होते असे कोणाच्या मनातही येत नाही. रोगाची वार्ता वर जाते, बाहेर जाते. चुलीपाशी मात्र ती अडते.

याला विसर म्हणणे ही सत्याची विटंबना होय. जो विसर देशभर, दरवर्षी, नेमका एकाच वर्गाच्या वाट्याला येतो, त्याला विसर म्हणत नाहीत. तो एक वर्गसंबंध असतो. शाळेतील कष्टकऱ्यांना संसर्गजन्य रोगांची माहिती न देणे हे शिक्षणव्यवस्थेने त्यांच्याविषयी गृहीत धरलेल्या स्थानाचे चिन्ह आहे. त्यांचे हात कामाला हवेत. त्या हातांमागे एक शरीर आहे, त्या शरीराला फुफ्फुसे आणि यकृत आहे, कधी पोटात वाढणारे मूल आहे, याची दखल घेण्याची कोणाला गरज वाटत नाही.

हे कामगार कोण?

या वर्गाचा आकार किरकोळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्या आदेशानंतर देशभर शाळांतून चुली पेटल्या. २०२१ साली केंद्र सरकारने योजनेला नवे नाव दिले तेव्हा तिचा आवाका ११ लाखांहून अधिक शाळा आणि सुमारे ११ कोटी ८० लाख मुले असा जाहीर केला. हे अन्न शिजवणारे हात सुमारे २५ लाख लोकांचे आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. सरकारी कागदावर त्यांचे नाव ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ असे आहे. कामगार हा शब्द कटाक्षाने टाळलेला आहे.

शब्द टाळण्यात डाव आहे. कामगार म्हटले की वेतन येते, रजा येते, सुरक्षितता येते. म्हणून त्यांना ‘मानसेवी’ म्हटले गेले आणि २००९ साली केंद्राने त्यांचे मासिक मानधन १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातील दहाच महिन्यांचे. पुढे काही राज्यांनी आपापल्या तिजोरीतून भर घातली. पण केंद्राने ठरवलेला तो आकडा वर्षानुवर्षे गोठून राहिला. मे २०१३ मध्ये भरलेल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने अंगणवाडी, आशा आणि मध्यान्ह भोजन योजनेतील स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघेही बसतात. म्हणजे सरकारने स्वतःच्या सहीची शिफारस स्वतःच बासनात गुंडाळली. डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने या तुटपुंज्या रकमेवर राबवून घेण्याला राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी म्हटले. न्यायालयाने वेठ म्हटले तरी राज्यकर्ते तिला सेवा म्हणत राहिले.

चुलीपलीकडे शिपाई आहेत, सफाई कामगार आहेत, आश्रमशाळांतील कामाठी आहेत, शाळेच्या गाड्यांवरील मदतनीस आहेत. महाराष्ट्र सरकारने ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे पुढे कायमस्वरूपी न भरता त्यांच्या जागी ठोक भत्ता देण्याचे धोरण स्वीकारले. शिपायाचे पद गेले, उरला तो भत्ता. भत्त्यावर आलेल्या माणसाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर सापडेलच असे नाही; आणि जो हजेरीपटावर नाही त्याला सूचना देण्याची जबाबदारी कोणाची? शाळा म्हणते ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो शाळेची. रोग मात्र दोघांच्या उत्तराची वाट पाहत नाही.

रोगाचे वेळापत्रक

माहितीचा हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, काळवेळेचा आहे. गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवू लागतो. त्याने खोली सोडल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. ज्याला प्रतिकारशक्ती नाही अशा माणसाने गोवराशी संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत लस घेतली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कुजबुजीतून कळलेल्या बातमीने ही संधी परत येत नाही. पालकांना सोमवारी निरोप गेला आणि स्वयंपाकिणीला शनिवारी शेजारणीकडून कळले, तर त्या पाच दिवसांत तिच्यापासून हिरावली गेली ती केवळ बातमी नव्हे, तिचा बचाव होता.

कांजिण्यांचा फोड दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस मूल संसर्गकारक असते आणि संपर्कानंतर रोग प्रकट व्हायला १० ते २१ दिवस लागतात. लहानपणी हलका वाटणारा हा रोग प्रौढ वयात अधिक तीव्र होतो आणि गरोदरपणी तर न्यूमोनियाचे संकट आणू शकतो. रुबेला मुलाच्या अंगावर दोन-तीन दिवसांची लाली आणून निघून जातो. परंतु गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो आईला झाला तर जन्मणाऱ्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला पडतो. शाळकरी मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम देशात फेब्रुवारी २०१७ पासून आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून चालली. मुलांना लस मिळाली हे योग्यच झाले. पण त्याच शाळेत भाकरीच्या ओढीने राबणाऱ्या तरुण मदतनीस बाईला तिच्या बालपणी ही लस मिळालेली नव्हती, आणि तिचे काय, हा प्रश्न त्या मोहिमेने विचारला नाही.

काविळीचा ‘अ’ प्रकार मुलांमध्ये पुष्कळदा लक्षणांवाचून राहतो. मोठ्यांना तो आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवतो. जानेवारी २०२३ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातील एका शाळेत मुलांना जुलाब-ओकाऱ्या होऊन नोरोव्हायरस आढळला. या विषाणूवर हाताला चोळण्याच्या अल्कोहोलच्या द्रवाचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते, फरशीला ब्लिचिंग पावडरचे द्रावण लागते. म्हणजे ‘नीट साफ कर’ एवढा हुकूम पुरेसा नाही. कोणता रोग आहे हे कळल्याखेरीज कोणती काळजी घ्यायची हे कळत नाही. नाव न सांगता काम सांगणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून विहिरीच्या काठावर पाणी ओढायला लावणे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ पसरली आणि मुले दगावली. साथी कुठे पेटतात हे यावरून उघड व्हावे. त्या पेटतात दाटीच्या वस्त्यांत, आणि शाळेतील सफाई कामगार, मदतनीस, आया यांची घरेही अशाच वस्त्यांत असतात. शाळेतून नकळत उचललेला रोग संध्याकाळी दहा फुटांच्या खोलीत, रांगणाऱ्या मुलापाशी आणि खोकणाऱ्या सासूपाशी पोचतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शाळेत येतो. सर्वांत आधी ज्यांना सांगायला हवे, त्यांनाच अंधारात ठेवणारी व्यवस्था स्वतःच्याच मुलांचा घात करते.

तपासणी तिची, माहिती इतरांची

येथे कोणी म्हणेल की स्वयंपाकिणींच्या आरोग्याची सरकार काळजी घेतेच. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, संसर्गजन्य रोग असलेल्याने अन्नाला हात लावू नये, असे अन्नसुरक्षेचे २०११ चे नियम सांगतात. नियम चांगलेच आहेत आणि ते कसोशीने पाळले जावेत. पण त्यांची दिशा पाहा. तपासणी तिची होते ती इतरांना तिच्यापासून वाचवण्यासाठी. तिने आपला आजार कळवावा हे बंधन आहे. तिला इतरांचा आजार कळवावा हे बंधन कोठेच नाही. ती रोगाचा संशयित उगम आहे, रोगाची संभाव्य बळी कधीच नाही.

ही दृष्टी जुनी आहे आणि एकाच देशाची नाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयर्लंडहून आलेली एक स्वयंपाकीण होती. तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू आहेत आणि ती स्वतः आजारी नसूनही तिच्या हातून रोग पसरतो, असे १९०७ साली ठरले. तिला एका बेटावरील रुग्णालयात बंदिस्त केले गेले. १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिला सोडले. पण स्वयंपाकाहून कमी मजुरीच्या धुलाईकामावर तिचे भागेना आणि ती चुलीकडे परतली. १९१५ साली तिला पुन्हा पकडले आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. तिच्या हातून माणसे आजारी पडली, काही मेली, हे खरे. पण न्यूयॉर्कमध्ये तिच्यासारखे जंतुवाहक पुढे शेकड्यांनी सापडले आणि त्यांपैकी कोणाला अशी जन्मठेप झाली नाही. जगाने तिचे नाव रोगालाच चिकटवून ठेवले. तिला दुसरे पोटापुरते काम देण्याचा प्रश्न मात्र कोणाला सुचला नाही.

आपल्याकडील साथीच्या कायद्याचा पिंडही असाच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि वसाहतवादी सरकारने १८९७ च्या प्रारंभी साथरोग कायदा केला. चार कलमांच्या या कायद्याने सरकारला माणसे अडवण्याचे, तपासण्याचे, वेगळी काढण्याचे अधिकार दिले, आज्ञाभंगाला शिक्षा ठेवली आणि अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. पुण्याने त्या अधिकारांचा अर्थ त्याच वर्षी अनुभवला. जनतेला काय कळवावे, राबणाऱ्याला काय सांगावे, याविषयी त्या कायद्यात एक ओळही नव्हती. १२३ वर्षांनी, २०२० साली, त्याच कायद्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा ठेवली गेली. ती दुरुस्ती आवश्यक असेलही. पण माहितीचे कलम तेव्हाही आले नाही.

त्या २०२० सालाने सारे झाकलेले उघडे केले. अनेक राज्यांत शाळांच्या इमारती विलगीकरण केंद्रे बनल्या. त्या खोल्या कोणी झाडल्या? कित्येक ठिकाणी तेथील लोकांसाठी अन्न कोणी शिजवले? केंद्राने मार्च २०२० मध्ये ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर केले ते आरोग्यसेवकांसाठी. शाळेची स्वयंपाकीण आणि शाळेचा सफाई कामगार त्या यादीत बसत नव्हते. ७ व ८ ऑगस्ट २०२० रोजी योजना कामगारांनी देशव्यापी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत सुरक्षासाधने होती. टाळ्या आणि थाळ्या वाजवून झाल्या होत्या. थाळ्या घासणाऱ्यांना हातमोजे मागण्यासाठी संप करावा लागला.

कायद्याचा उंबरठा

कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क आपल्या देशाला फार मोठी किंमत देऊन कळला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला तेव्हा त्या वायूचे काय परिणाम होतात आणि त्यावर काय करावे हे ना कामगारांना ठाऊक होते, ना आसपासच्या वस्त्यांना. हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती उघड करण्याचे बंधन कारखानदारावर आले आणि आपल्या आरोग्याविषयीची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हा हक्क भोपाळच्या मृतांनी मिळवून दिला आहे.

पण तो कारखान्याच्या दारातच थांबला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या १४ व्या कलमात आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मालकाकडून मिळवण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क लिहिलेला आहे. वाचायला सुंदर वाटते. आता उंबरठा पाहा. ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते. मध्यान्ह भोजनाच्या प्रमाणानुसार २५ मुलांपर्यंत एक आणि १०० मुलांपर्यंत दोन स्वयंपाकिणी नेमल्या जातात. गावच्या शाळेत दहा कामगार कोठून येणार? शिवाय मुळात त्या कामगारच नाहीत, मानसेवी आहेत, हा दुसरा अडसर आहेच. हक्क दिला, पण तो ज्यांना हवा त्यांच्या उंचीच्या वर टांगून ठेवला. धोकादायक कामांच्या बाबतीत दहाची मर्यादा बाजूला सारण्याची वाट संहितेतच आहे. ती शाळेच्या चुलीसाठी वापरण्याची इच्छा मात्र राज्यकर्त्यांकडे नाही.

दुसरा कायदा पाहा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडलेल्या संसर्गजन्य रोगांना व्यवसायजन्य रोग मानले होते. पण भरपाई मागणाऱ्याला दाखवावे लागते की आपल्या कामात संसर्गाचा असा विशेष धोका होता. ज्या स्वयंपाकिणीला शाळेत कावीळ होती हेच कधी सांगितले गेले नाही, जिच्यापाशी कोणत्या तारखेला कोणत्या वर्गात किती रुग्ण होते याचा कागदाचा चिटोराही नाही, ती काय दाखवणार? माहिती दडवणे म्हणजे केवळ आजाराला आमंत्रण नव्हे. तो पुराव्याचा नाशही आहे. मालकवर्गाला ही सोय पुरेपूर समजते.

तिसरा कायदा शिक्षणहक्काचा, २००९ चा. त्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, शिवाय शिक्षकांचे आणि स्थानिक संस्थेचे प्रतिनिधी असतात. मुलांच्या आरोग्याची आणि भोजनाची चर्चा तेथे होते. भोजन शिजवणाऱ्या बाईला तिथे कायद्याने जागा दिलेली नाही. ती चहा घेऊन आत येते आणि रिकामे पेले घेऊन बाहेर जाते.

आक्षेपांची झाडाझडती

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप परिचित आहेत. पहिला आक्षेप घबराटीचा: या बायांना सांगितले तर त्या घाबरतील, कामावर येणार नाहीत. म्हणजे अज्ञान हेच कामावर येण्याचे साधन आहे अशी ही कबुली झाली. घबराट माहितीने वाढत नाही, अर्धवट माहितीने वाढते. जिला गोवर आधी होऊन गेला आहे, तिला डॉक्टरने सांगितले की तुला धोका नाही, तर ती निर्धास्त काम करील. जिला धोका आहे, तिने चार दिवस दूर राहणेच शहाणपणाचे आहे.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा: मुलाचा आजार ही त्या कुटुंबाची खाजगी बाब आहे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर द्यायला हवे. क्षयरोग झालेल्या मुलाचे नाव गावभर झाले तर त्या घरावर बहिष्कार पडू शकतो, हे कष्टकऱ्यांच्या चळवळीने कधीही नजरेआड करता कामा नये. परंतु स्वयंपाकिणीला मुलाचे नाव नकोच आहे. तिला चार गोष्टी हव्या आहेत: रोग कोणता, कधीपासून, शाळेच्या कोणत्या भागात, आणि काळजी काय घ्यायची. या चार गोष्टींत नाव कुठेच येत नाही. उलट जेथे अधिकृत सूचना नसते तेथेच अफवा नावानिशी फिरतात. खाजगीपणाची ढाल पुढे करणारे लोक बहुधा मुलाला नव्हे, स्वतःच्या जबाबदारीलाच झाकत असतात.

तिसरा आक्षेप असा की या स्त्रिया अशिक्षित आहेत, त्यांना वैद्यकीय भाषा समजणार नाही. किती मुलांना किती तांदूळ, किती डाळ आणि किती तेल, याचा हिशेब ज्या रोज चोख ठेवतात, त्यांना ‘कांजिण्या आल्या आहेत, गरोदर असाल तर आज येऊ नका’ हे वाक्य समजणार नाही? समजत नाही ते सांगणाऱ्यांना. त्यांना सांगण्याची भाषा येत नाही. मुंबई-ठाण्यातल्या शाळेची सफाई करणारी बाई उत्तर प्रदेशची असेल, सुरतेच्या शाळेतली मदतनीस खानदेशची असेल, तर तिच्या भाषेत दोन ओळी सांगणे हे काही अशक्य काम नव्हे.

विटाळ आणि विषाणू

या प्रश्नाला आपल्या देशात आणखी एक पदर आहे आणि तो सोडून बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सूखीढांग येथील शाळेत दलित स्वयंपाकीण नेमली गेली, तेव्हा सवर्ण विद्यार्थ्यांनी तिच्या हातचे अन्न खाण्यास नकार दिला. तिला कामावरून दूर केले गेले आणि देशभर निषेध झाल्यावर परत घेतले गेले. स्वयंपाकिणीची जात कोणती, ही माहिती त्या शाळेत किती वेगाने पसरली! सांगायला परिपत्रक लागले नाही, सभा लागली नाही. म्हणजे माहिती पोचवण्याची यंत्रणा गावात नाही असे नव्हे. जातीचा खोटा विटाळ एका दिवसात घरोघर पोचवणारा समाज रोगाचा खरा संसर्ग चुलीपर्यंत पोचवू शकत नाही. जेथे धोका नाही तेथे सारे सावध, आणि जेथे धोका आहे तेथे सारे मुके.

म्हणूनच ही मागणी मांडताना एक दक्षता हवी. रोगाची माहिती हे स्वयंपाकिणीला हाकलण्याचे नवे निमित्त होता कामा नये. आजारी पडलेल्या बाईला ‘हिच्यामुळेच साथ आली’ असे म्हणून काढून टाकणे आणि तिच्या जागी सरपंचाच्या नात्यातली बाई बसवणे, हा डाव खेडोपाडी ओळखीचा आहे. माहितीच्या हक्काला नोकरीच्या संरक्षणाची जोड नसेल तर तो हक्क उलटून कामगाराच्याच गळ्याशी येईल.

गौण मागणी?

चळवळीतही एक सूर ऐकू येतो की आधी मानधनवाढ, आधी कामगार म्हणून मान्यता, मग असले बारीकसारीक प्रश्न. या मांडणीत क्रम बरोबर वाटतो, पण विचार अपुरा आहे. एंगल्स यांनी १८७२ च्या ‘घरांचा प्रश्न’ या लेखमालेत दाखवून दिले की कामगारवस्तीत जन्मलेली साथ भांडवलदारांच्या मोहल्ल्यात शिरू लागली, तेव्हाच त्यांना सार्वजनिक आरोग्याचा कळवळा आला. आजही शाळेतील साथीचा विचार पालक आणि अधिकारी यांच्या बाजूनेच होतो. तो राबणाऱ्याच्या बाजूने करणे हे कामगार म्हणून मान्यता मिळवण्याच्या लढ्याचेच अंग आहे. धोक्याची माहिती कामगाराला द्यावी लागते, सेविकेला द्यावी लागत नाही. ज्या दिवशी मुख्याध्यापक स्वयंपाकिणीच्या हाती लेखी सूचना देईल, त्या दिवशी त्याने तिला कामगार मानल्याची पावती दिलेली असेल.

शिवाय या मागणीला पगारापासून वेगळे काढताच येत नाही. रजेचा पगार नसेल तर माहिती मिळूनही ती बाई कामावर येणारच, कारण खाडा झाला तर घरातली चूल थंड राहते. मेरी मॅलनची कहाणी हेच सांगते: पर्यायी भाकरी न देता केलेली बंदी पाळली जात नाही. म्हणून माहिती, पगारी रजा आणि नोकरीची शाश्वती ही एकाच मागणीची तीन अंगे आहेत.

जगातही हा विचार पुढे सरकला आहे. जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कामाच्या हक्काला मूलभूत हक्कांत स्थान दिले. जून २०२५ मध्ये तिने कामाच्या ठिकाणच्या जैविक धोक्यांविषयी क्रमांक १९२ ची स्वतंत्र सनद संमत केली. जंतू आणि विषाणू यांपासून कामगारांचे रक्षण करणारी ही पहिलीच आंतरराष्ट्रीय सनद, आणि ती सर्व क्षेत्रांतील कामगारांसाठी आहे. विश्वगुरूपदाच्या घोषणा करणाऱ्या राज्यकर्त्यांनी ही सनद स्वीकारून शाळेच्या चुलीपासून तिच्या अंमलबजावणीला आरंभ करावा.

मागण्या स्पष्ट आहेत. शाळेत संसर्गजन्य रोगाचा रुग्ण आढळल्यास ज्या दिवशी पालकांना कळवले जाते त्याच दिवशी, मुलाचे नाव न घेता, स्वयंपाकीण, शिपाई, सफाई कामगार, कामाठी, आया व गाडीवरील मदतनीस या सर्वांना, मग ते कायम असोत वा कंत्राटी, त्यांच्या भाषेत तोंडी आणि लेखी सूचना द्यावी. त्या सूचनेची नोंद शाळेच्या वहीत राहावी आणि कामगाराला तिची नक्कल मिळावी. प्रौढांना लागणाऱ्या लशी, हातमोजे, साबण आणि जंतुनाशके मोफत मिळावीत. गरोदर स्त्रीला साथीच्या काळात पूर्ण मानधनासह रजा मिळावी. आजारी पडणाऱ्यालाही ती मिळावी. आजाराच्या कारणावरून कोणालाही कामावरून काढू नये. शाळा व्यवस्थापन समितीत या कामगारांचा निवडलेला प्रतिनिधी असावा. धोक्याची माहिती मिळण्याचा कायदेशीर हक्क दहा कामगारांच्या अटीविना शाळांना लागू करावा.

यांपैकी पहिल्या दोन मागण्यांना तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. म्हणूनच त्या कसोटीच्या मागण्या आहेत. जे सरकार पैसा नाही म्हणून वेतन नाकारते, त्याला फुकट देता येणारी माहिती देताना काय अडचण आहे, हे जाहीरपणे विचारता येते. पक्षाचे सभासद जेथे शिक्षक आहेत तेथे त्यांनी ही सूचना देण्याची सुरुवात उद्याच, परिपत्रकाची वाट न पाहता, स्वतःपासून करावी. शिक्षकांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात शिपाई आणि स्वयंपाकिणी यांचा हा हक्क लिहावा. जेथे सभासद पालक म्हणून समितीवर आहेत तेथे त्यांनी तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणावा. खडू धरणारा हात आणि पळी धरणारा हात यांची एकजूट याच ठिकाणी घडू शकते, कारण एकाच खोलीतली हवा दोघेही घेतात. रोगाने त्यांच्यात कधी भेद केला नाही. तो केला व्यवस्थेने, आणि तो मोडणे हे संघटित कष्टकऱ्यांचे काम आहे.